विहिरीतली मोटर काढताना कप्प्या मोजू नका, दोर मोजा

प्रश्न असा आहे. पन्नास फूट विहीर, तळाशी साडेसात एचपीची ओपनवेल (विहिरीच्या पाण्यात बुडून चालणारी) मोटर. काठावर लोखंडी गर्डर टाकून एक कप्पी अडकवली, तर मोटर वर घ्यायला चार माणसांचा घाम निघतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिच्या शेजारी आणखी एक कप्पी लावली, तरी वजन तेवढंच. मग शाळेत शिकवलेला कप्पीचा फायदा गेला कुठे? आता चार कप्प्यांचा संच घ्यावा की सरळ चेन कप्पी, म्हणजे हाताच्या साखळीने चालणारं उचलयंत्र?

दोन्ही कप्प्या गर्डरलाच आहेत, सगळी गडबड तिथे आहे. वर जागच्या जागी फिरणारी कप्पी फक्त ओढीची दिशा बदलते. माणसाला वाकून उचलावं लागत नाही, मागे रेलून ओढता येतं, एवढीच तिची मदत. शंभर किलो उचलायला शंभर किलोच ओढावे लागतात, वर घर्षणाचे वेगळे. दुसरी कप्पी पहिलीच्या शेजारी लावल्यावर हलकं व्हायचं कारणच नाही, उलट आणखी एका आसाचं घर्षण गळ्यात पडलं.

यांत्रिक फायदा, म्हणजे जोर किती पटीने कमी लागतो ते, मोजायची कामावरची रीत सोपी आहे. भाराच्या जरा वर एक आडवी रेघ कल्पना करा आणि ती किती दोरांना छेदते ते मोजा. हे दोर भार वाटून घेतात. एकच दोर मोटरला बांधलेला असेल तर फायदा एक. दोराचं टोक गर्डरला बांधलं, दोर खाली नेऊन मोटरच्या हुकात अडकवलेल्या कप्पीतून फिरवला आणि परत वर आणला, की मोटर दोन दोरांवर लटकते आणि प्रत्येकावर निम्मं वजन येतं. वरच्या कप्पीतून तो दोर पुढे तुमच्या हातात येतो. त्या कप्पीने दिशा बदलली, फायदा वाढवला नाही. भाराबरोबर वर-खाली जाणारी कप्पीच कमाई करते.

ही कमाई फुकट नाही. दोन दोरांवर मोटर एक फूट वर यायची, तर दोन्ही दोर एकेक फूट आखूड व्हावे लागतात, म्हणजे हातातून दोन फूट दोर जातो. चार दोर असतील तर चार फूट. जोर जितक्या पटीने कमी, अंतर तितक्याच पटीने जास्त. घर्षणामुळे एकूण कष्ट तर थोडे वाढतातच. कप्पी, तरफ, उतरण, पाचर, मळसूत्र, कुठलंही साधं यंत्र घ्या, हा हिशेब चुकत नाही.

आता तुमच्या मोटरचे आकडे मांडू. पंपासकट मोटर ८५ किलोची धरा. पाइपचा आतला व्यास ६० मिमी असेल तर त्याच्या दर मीटरमध्ये २.८ लिटर पाणी मावतं. पंपाजवळ एनआरव्ही (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) असेल आणि ती पाणी धरून असेल, तर विहिरीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या १२ मीटर पाइपात ३४ किलो पाणी लटकलेलं असतं. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि मग 'मोटर ८५ किलोची, मग एवढी जड कशी' असा प्रश्न पडतो. एकूण १२० किलो धरून चालू. पाइप काठावरून बाहेर येतो तसं पाणी सांडतं आणि भार उतरतो. पण मोटर पाण्यातून बाहेर पडते त्या क्षणी दहा-बारा किलो वाढतात, कारण तोवर पाणी तिला तेवढं उचलून धरत होतं. त्या जागी दोर सैल सोडायचा नाही.

घर्षण नसतं तर दोन दोरांवर ६० आणि चार दोरांवर ३० किलोत काम झालं असतं. प्रत्यक्षात प्रत्येक कप्पी आपला वाटा कापून घेते. किती, ते तीन गोष्टींवर ठरतं: पिन किती जाड, चाक किती मोठं आणि दोघांच्या मधे वंगण आहे की गंज. अंदाजाला एक सूत्र पुरतं. पिनचा व्यास भागिले चाकाचा व्यास, गुणिले घर्षणाचा अंक, गुणिले दोन. बाजारात मिळणारी तीन इंची कप्पी म्हणजे ७५ मिमीचं चाक आणि २० मिमीची पिन. गंजून कोरडी पडली की घर्षणाचा अंक ०.३ धरावा लागतो. हिशेब येतो १६ टक्के, आणि लहान चाकावर दोर वाकवायला लागणारी ताकद मिळवली की २० टक्के. तीच २० मिमीची पिन सहा इंची चाकात, ग्रीस भरून असेल तर चार टक्क्यांच्या आसपास. दोराचं वाकणं धरून पाच म्हणा. मोठ्या चाकाची कप्पी हलकी चालते ती यामुळेच. चाक आणि आस हेही एक साधं यंत्रच, आणि इथे ते घर्षणाच्या विरुद्ध तुमच्या बाजूने लढतं.

कप्पीमागे २० टक्के गळती असेल तर चार दोरांवर फायदा चार मिळत नाही, २.६ मिळतो. १२० किलोला ४६ किलो ओढ. सहा दोर केले तर ३६, आठ केले तर ३१. आणि हे असं वाढवत नेलं तरी फायदा पाचच्या वर जातच नाही, कप्प्या शंभर लावा. प्रत्येक नवी कप्पी आधीच्या सगळ्यांच्या पुढे बसते आणि ओढीवर पुन्हा २० टक्के चढवते, त्यामुळे शेवटचे दोर आणलेला फायदा स्वतःच खाऊन टाकतात. १० टक्के गळतीच्या कप्प्यांत ही मर्यादा दहावर जाते, पाच टक्क्यांत वीसवर. म्हणून चार स्वस्त कप्प्यांपेक्षा दोन चांगल्या कप्प्या घ्या. पाच टक्केवाल्या दोन कप्प्या, एक वर आणि एक मोटरवर, लावल्या की १२० किलोला साधारण ६५ किलो ओढ लागते. तीन माणसांत प्रत्येकाच्या वाट्याला बावीस किलो येतात आणि दम न लागता काम होतं.

चार दोरांचा संच मी या विहिरीला सुचवणार नाही. मधल्या प्रतीच्या, १० टक्के गळतीच्या कप्प्यांवर ओढ ३८ किलोवर येते हे खरं. पण १५ मीटर खोलीला चार दोर म्हणजे ६० मीटर दोर नुसता कप्प्यांच्या मधे, वर हातातलं शेपूट वेगळं. तेवढा सगळा दोर ओढून काढायचा. शिवाय खोल विहिरीत एक दुखणं हमखास येतं: तीन पेडी पिळाचा दोर ताणला की पीळ उलगडायला बघतो, खालची कप्पी गरगर फिरते आणि चारही दोर एकमेकांभोवती वेणीसारखे आवळले जातात. मग ओढ ३८ नाही, १०० किलोची लागते आणि मोटर मध्यावर अडकून बसते. दोन दोरांनाही ही खोड असते. त्यावर इलाज दोन. वरचं बांधलेलं टोक आणि वरची कप्पी यांत गर्डरवर निदान फूट-दीड फूट अंतर ठेवा, आणि मोटरला एक पातळ आडदोर बांधून समोरच्या काठावर एक माणूस उभा करा. पिळाऐवजी विणीचा दोर मिळाला तर हा त्रास बराच कमी होतो.

दोर १६ मिमीचा पॉलिप्रॉपिलीन घ्या. ताकद १२ मिमीच्या दोरातही पुरेशी असते, पण तो हातात रुततो आणि पकड बसत नाही. चांगला नवा १६ मिमी दोर दोन टनांच्या वरच तुटतो. तरी त्याच्या दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे २०० किलोच्या आत काम करा: गाठ मारली की त्या जागी ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि वर्षभर विहिरीवर उन्हात पडलेला दोर बोटाने कुसकरला तर पांढरी भुकटी सोडतो. भुकटी सोडणारा दोर फेकून द्या, जनावराला बांधायलाही ठेवू नका. चाकाचा व्यास दोराच्या निदान आठपट हवा, म्हणजे १६ मिमीला पाच इंचाच्या वरच. खाच दोरापेक्षा किंचित रुंद असू द्या. खाच अरुंद असेल तर दोर पाचरीसारखा आत रुततो. खाच फार रुंद आणि चाकाच्या बाजूला फट असेल तर दोर त्या फटीत घुसतो आणि मग भारासकट तो सोडवणं फार वाईट काम.

तारेचा दोर वापरणार असाल तर टोकाला लूप करताना किमान तीन क्लॅम्प लावा, आणि क्लॅम्पची बसकी बाजू भार घेणाऱ्या तारेवर आली पाहिजे, यू बोल्ट मोकळ्या शेपटाच्या बाजूला. उलट लावलेला यू बोल्ट कामाच्या तारेलाच चिरडतो. पहिला भार घेतला की नट पुन्हा आवळा, कारण तार ताणली की बारीक होते.

गर्डरवर किती येतं याचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात. एकाच वरच्या कप्पीवरून १२० किलो उचलताना ओढ १३२ किलो लागत असेल आणि ती सरळ खाली असेल, तर गर्डरवर दोन्ही मिळून २५२ किलो येतात. भाराच्या दुपटीहून जास्त. तुम्ही काठावर उभे राहून आडवं मागे ओढत असाल तर उभा भार १२० च राहतो, पण १३२ किलोची आडवी ओढ गर्डरला काठावरून मागे सरकवत असते. प्रत्यक्ष ओढ तिरकी असते, त्यामुळे दोन्ही थोडंथोडं. दोन दोरांच्या रचनेत ही ओढ निम्म्यावर येते, गर्डर निवांत राहतो. चार माणसांचा जीव निघण्यापेक्षा हा फायदा मला मोठा वाटतो.

आपल्याकडच्या विहिरी पंधरा-वीस फूट रुंद, त्यामुळे गर्डर या काठावरून त्या काठाला न टाकता बहुतेक जण एका बाजूने आत काढतात. मग ती तरफ झाली. काठ हा टेकू. तीन फूट आत आणि नऊ फूट मागे असेल, तर आतल्या टोकावर १८० किलो आल्यावर मागच्या टोकाला ६० किलोने समतोल होतो. पण समतोल म्हणजे काठावरची झोप. मोटर गाळात अडकून एकदा झटका बसला की टोकावरचा भार क्षणात दुप्पट होतो. मागे निदान दोनशे किलो दगड किंवा भरलेली पोती टाका, किंवा गर्डर जमिनीत पुरलेल्या खुंटाला साखळीने बांधा. वजन म्हणून माणूस बसवू नका. माणूस बघायला उठतो. काठाचं बांधकाम जुनं चुन्याचं असेल तर टेकूखाली जाड फळी घाला, नाहीतर गर्डरची कड एकाच दगडावर सगळा भार टाकते आणि दगड आत पडतो.

ट्रॅक्टरने ओढायचा मोह होतो. ताकदीचा प्रश्न सुटतो, पण हाताला जी जाणीव असते ती जाते. पाइप कपारीत अडकला तर माणसाला दोर कडक झालेला कळतो. ट्रॅक्टरला कळत नाही, तो पाइप तोडतो नाहीतर गर्डर आत घेतो. ट्रॅक्टर वापरायचाच तर दोर वरच्या कप्पीवरून थेट ट्रॅक्टरला नेऊ नका. गर्डरच्या मागच्या टोकाजवळ, जमिनीलगत आणखी एक कप्पी घट्ट बांधा, दोर तिथून फिरवून मग आडवा न्या, म्हणजे दोराची ओढ तिरकी होऊन गर्डर उलटणार नाही. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन मंद, आणि काठावरच्या माणसाच्या हाताच्या खुणेवर.

चेन कप्पीबद्दल. एक टनाच्या चेन कप्पीवर पूर्ण टन उचलायला हाताच्या साखळीवर साधारण ३० किलो ओढ लागते. हा फायदा ३३ च्या आसपासचा, आणि घर्षण धरलं तर अंतराचा हिशेब चाळीसपटीच्या आसपास जातो. म्हणजे मोटर एक मीटर वर यायला हातातून चाळीस मीटर साखळी. १५ मीटर विहिरीला सहाशे मीटर! शिवाय बाजारातल्या साध्या चेन कप्पीची उचल तीन मीटरची असते. खोल विहिरीतून मोटर काढायला ती घेणं म्हणजे मळणीला कातर नेणं. पण एका कामाला ती बिनतोड आहे: गाळात रुतलेली मोटर सोडवायला. पावसाळ्यानंतर तळाला हात-दीड हात गाळ बसतो, मोटर त्यात चिकटते आणि पहिला फूटभर उचलायला तिच्या वजनाच्या दुप्पट जोर लागू शकतो. तेव्हा दोरालाच चेन कप्पी लावा, साखळी थोडी ताणा, पाच मिनिटं थांबा, पाणी फटीतून आत शिरू द्या, पुन्हा थोडी ताणा. झटके देऊ नका. मोटर सुटली की भार दोन दोरांच्या रचनेवर घ्या आणि चेन कप्पी काढून ठेवा.

चेन कप्पी भाड्याने आणाल तेव्हा दोन गोष्टी बघा. उचलताना आतल्या खटक्याचा टक-टक-टक असा बारीक, सारखा आवाज आला पाहिजे. आवाज नाही म्हणजे खटका ग्रीसमध्ये चिकटलाय किंवा स्प्रिंग तुटलीय, आणि साखळी सोडताच भार खाली येईल. दुसरं, आतल्या ब्रेकच्या चकत्यांवर तेल सोडलेलं नसावं. साखळीला तेल लागतं, ब्रेकला नाही. 'आवाज करते म्हणून आत तेल सोडलं' ही चेन कप्पीची सर्वांत वाईट देखभाल.

जुनी विभेदी चेन कप्पी मिळाली तर तिच्यात असा ब्रेक नसतो, तरी ती भार सोडत नाही. वरच्या चाकात एकाच आसावर दोन खाचा असतात, एक १६ घरांची (साखळीच्या कड्या बसायच्या खोबणींची) आणि एक १५ ची, आणि दोन्हींतून एकच साखळी फिरते. एका फेऱ्यात साखळी एका बाजूने १६ घरं वर येते आणि दुसऱ्या बाजूने १५ खाली जाते. भार या फरकाच्या निम्म्याने चढतो, म्हणून अंतराचं गुणोत्तर दोन गुणिले सोळा, म्हणजे बत्तीस. यातली अर्ध्याहून जास्त ताकद घर्षणात जाते, आणि तेच तिचं कुलूप. कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली गेलेलं यंत्र भार स्वतःहून परत येऊ देत नाही. स्क्रू जॅकचंही तेच. ६ मिमी आट्याचा जॅक, ३० सेंमीची दांडी. हिशेबाने फायदा ३१४, हाताला मिळतो त्याचा पाव हिस्सा, पण दांडी सोडली तरी गाडी जागची हलत नाही. घर्षणाला नेहमी शत्रू समजू नका.

मोटर परत सोडताना हेच घर्षण तुमच्या बाजूला येतं. ज्या चार दोरांच्या संचावर उचलायला ३८ किलो लागले, त्यावर धरून ठेवायला २३-२४ पुरतात. तरी दोर नुसत्या हाताने सोडू नका. काठाजवळ पुरलेल्या लोखंडी पाइपला दोन वेढे घेऊन सोडा. प्लास्टिकच्या दोराचा गुळगुळीत पाइपवर एक वेढा ओढ साडेतीनपट कमी करतो, दोन वेढे बारापट. दोन दोरांच्या रचनेवर खालून ५५-६० किलो ओढ असली तरी हाताला पाच किलो. मात्र सावकाश सोडा. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशाच्या आसपास वितळतं आणि सर्रकन सोडलेला दोर पाइपवर चकाकी धरून तिथेच कच्चा होतो.

दोर मोटरच्या कडीलाच बांधा, केबलला आणि पाइपला नाही. उचलायच्या आधी स्टार्टर नुसता बंद न करता मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात ठेवा. दोर भारावर असताना विहिरीत कुणी नको, पायरीवरही नको.

काठावर आल्यावर मोटर आत झुलत राहते आणि ती बाहेर घेताना कंबर जाते, कारण इथे कप्पी संपते. गर्डरखाली एक फळी काठावर तिरकी सारा आणि मोटर तिच्यावर टेकवूनच ओढा. टेम्पोत चढवायलाही तेच: हौदा तीन फूट उंच, फळी दहा फूट. कागदावर फायदा ३.३, म्हणजे ८५ किलोला २६ किलो. पण मोटर लाकडावर घासत नेली तर घर्षणाने ती ओढ ५८ च्या घरात जाते. खाली एक इंची जीआय पाइपचे तीन तुकडे आडवे घाला, ओढ ३० वर येते. मागचा तुकडा सुटला की पुढे आणून ठेवायला एक माणूस बाजूला हवा, मोटरच्या खालच्या अंगाला नाही. रुळांवरची मोटर घसरायला लागली तर पहारीने थांबत नाही. म्हणून पहार आधीपासूनच पाचरीसारखी फळीवर मोटरमागे धरून सरकवत न्यायची.